'रेणापूर' हा शब्द किती अक्षरांचा? वेबपानावरची मराठी आणि जावास्क्रिप्टचा इतिहास



मागच्या लेखात संशोधनाचा प्रश्न कसा सापडतो यावर बोललो होतो. खूप जणांचं म्हणणं असं होतं की ‘सर, उदाहरण घेऊन सांगा.’ पहिलं म्हणजे मी अजून सर नाही, तुमच्यासारखाच विद्यार्थी आहे, फक्त दोन-तीन वर्षं पुढे. दुसरं म्हणजे, उदाहरण माझंच घेतो. कारण माझा प्रश्न मला ग्रंथालयात नाही, एका ऑनलाइन फॉर्मवर सापडला.

नोंदणीसाठी संशोधनाचं शीर्षक भरायचं होतं. रकान्याच्या बाजूला लिहिलं होतं, ‘कमाल ६० अक्षरे’. माझं शीर्षक होतं: ‘मराठी संकेतस्थळांवरील देवनागरी टंकलेखन साधनांचा ऐतिहासिक अभ्यास’. मी बोटांवर मोजलं. मधल्या मोकळ्या जागा धरून ३९ अक्षरं. निवांत चिकटवलं, फॉर्म भरला, पावती काढली. रेणापूरला घरी येऊन पावती बघतो तर शीर्षक असं: ‘मराठी संकेतस्थळांवरील देवनागरी टंकलेखन साधनांचा ऐतिहासिक अभ्’. पुढे काहीच नाही. ‘अभ्यास’ या शब्दाचाच पाय मोडला होता!

दुरुस्तीसाठी दोन चकरा झाल्या. खिडकीवरच्या माणसाचं म्हणणं, ‘तुम्ही जास्त लिहिलं.’ माझं म्हणणं, ‘३९ म्हणजे ६० पेक्षा कमीच.’ खरं सांगायचं तर दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. तो जे मोजत होता आणि मी जे मोजत होतो, त्या वस्तूच वेगळ्या होत्या.

यंत्र काय मोजतं?

‘रेणापूर’ लिहा. मराठी माणूस मोजतो: रे, णा, पू, र. चार अक्षरं. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट मोजते: र, एक मात्रा, ण, काना, प, दीर्घ उकार, र. म्हणजे सात. आणि तोच शब्द यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकवीस. चार, सात, एकवीस: तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. माझ्या शीर्षकात माझ्या मोजणीने ३९ अक्षरं होती, जावास्क्रिप्टच्या मोजणीने ६३. साठाव्या चिन्हावर, म्हणजे ‘भ’च्या हलन्तावर, कात्री चालली.

इंग्रजीत हा घोळ सहसा जाणवत नाही. तिथे एक अक्षर म्हणजे एक चिन्ह आणि एक बाइट. ज्यांनी ही साधनं पहिल्यांदा बनवली त्यांना हा फरक रोज दिसत नव्हता. मग माझ्या डोक्यात प्रश्न आला: ज्या भाषेचा विचार करून वेब बनलंच नव्हतं, ती भाषा वेबपानावर आली कशी? कुणी आणली? आणि त्यात जावास्क्रिप्टचा वाटा किती?

आता लक्ष द्या. ‘वेबवरील मराठी’ हा संशोधनाचा प्रश्न नाही, तो विषय आहे. विषयाला काळ, जागा आणि ‘कसं/का’ जोडलं की प्रश्न होतो. मी काळ घेतला १९९६ ते २०१३, आणि जागा घेतली वेबपानावरची लिहिण्याची चौकट. ही दोन वर्षं का, ते पुढे कळेलच.

पहिला टप्पा: नुसतं दिसावं म्हणून

ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना लिहिला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. डिसेंबर १९९५ मध्ये ती जाहीर झाली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून ‘मायबोली’ सुरू केलं. म्हणजे मराठी वेब आणि जावास्क्रिप्ट जवळजवळ एकाच वयाचे. पण तेव्हा दोघांची गाठ पडली नव्हती, कारण पहिला प्रश्न लिहिण्याचा नव्हता, दिसण्याचा होता.

देवनागरी संगणकावर नव्हती असं मात्र समजू नका. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान होतं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ मध्ये ठरलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतला होता. कागदावर सगळं तयार होतं. पण घरातल्या संगणकाला यातलं काही माहीत नव्हतं.

मग लोकांनी जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेले फॉन्ट बनवले. शिवाजी, शुषा, कृतिदेव ही नावं आमच्या डीटीपीवाल्यांच्या तोंडात आजही आहेत. फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचा काला असायचा, फॉन्टमुळे तो मराठी दिसायचा. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर पानावर नुसता काला. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं उघडताना ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना यायची, ती याचसाठी.

१९९७ मध्ये नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ या दोन्ही ब्राउझरांनी फॉन्ट पानासोबतच पाठवायची सोय दिली. त्याला डायनॅमिक फॉन्ट म्हणायचे. पण एकाचा नमुना दुसऱ्याला चालत नव्हता. संकेतस्थळवाल्याने दोन्ही बनवायचे आणि ब्राउझर ओळखून योग्य तो द्यायचा.

इथे संशोधकाची खरी अडचण सुरू होते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्या काळातली मराठी पानं आहेत. पान जपलेलं असतं, पण फॉन्टची फाइल कित्येकदा नसते. आणि असली तरी आजचा ब्राउझर ती उघडत नाही. म्हणजे दस्तऐवज हातात आहे, पण वाचता येत नाही. मोडी येत नसलेल्या माणसाच्या हाती पेशव्यांचं दप्तर द्यावं, तसं. फरक एवढाच की मोडीचे वर्ग लागतात, या फॉन्टचे लागत नाहीत.

ही पानं वाचण्याची एक वाट मला जावास्क्रिप्टमध्येच सापडली. फायरफॉक्ससाठी ‘पद्म’ नावाचं एक विस्तार-साधन होतं. ते देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांतला जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलायचं. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. ‘जिल्हा’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि ‘ज’ नंतर साठवतात, कारण डोळ्यांना तसं दिसतं. युनिकोडमध्ये ‘ज’ आधी, वेलांटी नंतर, कारण उच्चार तसा आहे. ‘वर्ष’ मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये ‘ष’च्या मागून येतो, युनिकोडमध्ये आधी. म्हणून नुसतं ‘याच्या जागी ते’ करून भागत नाही, क्रमही उलटावा लागतो. असा परिवर्तक वाचला की तो काळ देवनागरीकडे कसा बघत होता ते कळतं: आधी चित्र म्हणून, मग भाषा म्हणून. कोडसुद्धा ऐतिहासिक साधन असतं म्हणतात, ते असं.

दुसरा टप्पा: लिहिता यावं म्हणून

माझं पहिलं गृहीतक साधं होतं: ‘युनिकोड आलं आणि मराठी वेब सुरू झालं.’ मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, ‘कधी आलं?’ मी म्हटलं १९९१. ते म्हणाले, ‘मग लोक २००४ पर्यंत का थांबले?’ मी गप्प.

उत्तर शोधायला विंडोजच्या आवृत्त्या तपासाव्या लागल्या. युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० मध्ये आली आणि तिच्यासोबत मंगल हा फॉन्ट. तो घडवला होता सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. पण विंडोज एक्सपीमध्येसुद्धा ही सोय आपोआप सुरू नसायची. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची, आणि मग संगणक विंडोजची सीडी मागायचा.

आता विचार करा. लातूरला गंजगोलाईच्या आसपासच्या नेट कॅफेत बसलेला रेणापूरचा पोरगा. तासाचे पैसे मोजून बसलाय. संगणक त्याचा नाही, सीडी त्याच्याकडे नाही, कंट्रोल पॅनेलला कुलूप आहे. त्याच्यासाठी युनिकोड १९९१ मध्ये आलं काय आणि न आलं काय! समजा मालकाने सोय सुरू करून दिली, मराठी दिसायला लागली. पण लिहायची कशी? कळफलकावर इंग्रजीच अक्षरं. सरकारी प्रमाणाचा इनस्क्रिप्ट कळफलक उत्तम आहे, पण तो शिकावा लागतो आणि यंत्रात सुरू करावा लागतो.

इथे जावास्क्रिप्ट कामाला आली. कारण ती यंत्रात बसवावी लागत नाही, पानासोबत येते आणि पानासोबत जाते. परवानगी कुणाची लागत नाही.

२००४ मध्ये ‘मनोगत’ सुरू झालं. तिथे थेट लिहिण्याच्या चौकटीत रोमन कळा दाबून युनिकोड मराठी उमटवता येत होती. त्याच सुमारास ओंकार जोशी यांनी ‘गमभन’ हे जावास्क्रिप्टमधलं टंकलेखन साधन बनवलं. पुढे २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ आली, तिथल्या चौकटींत हेच गमभन चालायचं. कोणत्याही मोठ्या कंपनीने किंवा सरकारी खात्याने नाही, एका मराठी माणसाने लिहिलेल्या कोडवर हजारो लोकांनी आयुष्यातलं पहिलं मराठी टंकलेखन केलं. मीही त्यातलाच.

हे चालतं कसं, थोडक्यात सांगतो. तुम्ही ‘आर’ची कळ दाबता. जावास्क्रिप्ट ती कळ मध्येच अडवते, इंग्रजी अक्षर उमटू देत नाही आणि जागी ‘र्’ ठेवते. मग ‘ई’ दाबलं की ती कर्सरच्या मागे काय आहे ते बघते. मागे ‘र्’ आहे, म्हणून हलन्त काढून मात्रा लावते: ‘रे’. कॅपिटल ‘एन’ दाबलं तर ‘ण्’, साधा ‘एन’ दाबला तर ‘न्’. कॅपिटल म्हणजे मूर्धन्य हा संकेत नवा नव्हता. अविनाश चोपडे यांच्या १९९१ च्या ‘आयट्रान्स’ पद्धतीत तो होताच. बाकी बारकावे प्रत्येक साधनाचे वेगळे.

‘कर्सरच्या मागे बघणं’ हे ऐकायला सोपं, पण तेव्हा डोकेदुखीचं होतं. कर्सर कुठे आहे हे फायरफॉक्सला एका पद्धतीने विचारायचं, इंटरनेट एक्सप्लोररला दुसऱ्या. दाबलेल्या कळेचा क्रमांकही दोघं वेगवेगळ्या नावाने सांगायचे. जॉन रेसिग यांचं जेक्वेरी २००६ मध्ये आलं, ते याच प्रकारच्या भांडणावर तोडगा म्हणून. ब्राउझरांमधले फरक त्याने स्वतःच्या पोटात घेतले. जगभरच्या वेब डेव्हलपरांना जेक्वेरी का आवडलं याची कारणं खूप आहेत. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर, टंकलेखनाचे नियम लिहिणाऱ्याला नियमांकडे लक्ष देता आलं.

उसनं आणि आपलं

याच काळात एक दुसरी वाटही होती. गुगलने लिप्यंतराची सोय दिली. तुम्ही रोमन शब्द पाठवा, त्यांचा सर्व्हर अंदाज बांधून देवनागरी शब्द परत देतो. कॅपिटलची भानगड नाही. अनेकांनी आपल्या संकेतस्थळांवर ती जोडली. २६ मे २०११ रोजी गुगलने ही प्रोग्रामिंगची सोय निवृत्तीच्या यादीत टाकली. गमभनसारखं साधन मात्र ज्याच्या सर्व्हरवर फाइल आहे त्याच्याकडे चालत राहिलं. परक्याच्या सर्व्हरवर अवलंबून राहण्याची ही किंमत आजच्या फ्रंट-एंड डेव्हलपरांनीही लक्षात ठेवावी अशी आहे.

विकिपीडियाने तिसरी वाट धरली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, पण संपादन करायला कळफलक हवा. २०११ च्या सुमारास ‘नारायम’ हा विस्तार आला. मलयाळम विकिपीडियावरच्या टंकलेखन स्क्रिप्टमधून तो वाढला होता. २०१२ मध्ये विकिमीडियाच्या भाषा-अभियांत्रिकी गटाने ही साधनं सुटी करून जेक्वेरीच्या चार स्वतंत्र लायब्ररी केल्या: टंकलेखनासाठी आयएमई, फॉन्टसाठी वेबफॉन्ट्स, भाषांतरासाठी आय-अठरा-एन आणि भाषा निवडीसाठी यूएलएस. संतोष थोट्टिंगल हे त्या गटातलं महत्त्वाचं नाव. आता कुणीही या लायब्ररी उचलून आपल्या पानावर लावू शकत होतं. प्रत्येक कळफलक म्हणजे नियमांची एक छोटी फाइल: काय दाबलं, मागे काय होतं, काय उमटवायचं. मराठीसाठी लिप्यंतर आणि इनस्क्रिप्ट दोन्ही.

संशोधकाला इथे सुखाचा धक्का बसतो. हा कोड गिटवर आहे. कोणती ओळ कुणी, कोणत्या दिवशी, का बदलली याची नोंद आहे. आधीच्या मराठी साधनांसाठी अशी वहीच नाही. तिथे वेबॅक मशीनमधल्या जुन्या प्रती आणि ज्यांनी बनवलं-वापरलं त्यांच्या मुलाखती, एवढंच. म्हणून प्रबंधात मोह होतो की जिथे कागद जास्त, त्याला महत्त्व जास्त द्यावं. तसं करू नका. साधनं कुणाची जपली गेली हा इतिहासाचाच भाग आहे, त्याचा निकाल नव्हे.

माझं दुसरं गृहीतकही का छाटावं लागलं

युनिकोडचं गृहीतक पडल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. लिहिलं, ‘मराठी वेब जावास्क्रिप्टने घडवलं.’ वाक्य मला फार आवडलं होतं. पण विरुद्ध पुरावा माझ्याच टिपणात होता. चौकटीत कितीही छान जावास्क्रिप्ट असली तरी यंत्रात देवनागरी दाखवायची सोय नसेल तर उमटायचे ते चौकोनच. म्हणजे लिहिण्याची परवानगी जावास्क्रिप्टने दिली, बघण्याची नाही. बघण्याचा प्रश्न सुटला तो यंत्रं बदलली तेव्हा, आणि २००८ ते २०१० या काळात सफारी, फायरफॉक्स, क्रोम यांनी पानासोबत फॉन्ट पाठवायची एकसमान सोय आणली तेव्हा.

शेवटही यंत्रानेच केला. २०१३ नंतर लोक मोबाइलवर लिहायला लागले. आयआयटी मुंबईचा ‘स्वरचक्र’ आणि गुगलचे भारतीय कळफलक फोनमध्ये आले. अँड्रॉइडवरच्या ब्राउझरमध्ये कोणती कळ दाबली हे पानाला नीट कळेनासंच झालं, बहुतेक वेळा सगळ्या कळांसाठी २२९ हा एकच क्रमांक मिळतो. कळ अडवून अक्षर बदलणारी जुनी साधनं तिथे आंधळी झाली. म्हणून माझा काळ २०१३ ला थांबतो.

आता माझं वाक्य असं आहे: ‘२००४ ते २०१३ या काळात, ज्यांना यंत्रावर अधिकार नव्हता त्यांना लिहिण्याचा अधिकार जावास्क्रिप्ट साधनांनी दिला.’ पहिल्यापेक्षा लहान आहे, पण आता कुणी ओढलं तरी तुटत नाही.

तिसरा टप्पा अजून चालू आहे: मोजणं आणि लावणं

दिसलं, लिहिता आलं. पण माझं शीर्षक तरी तुटलंच ना? कारण तिसरी पायरी उरली आहे.

मराठी शब्दांची यादी जावास्क्रिप्टला साध्या पद्धतीने लावायला सांगा. ‘ळ’ लगेच ‘ल’च्या मागे येईल, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे आहे. आपल्या वर्णमालेत ‘ह’ नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, ‘ज्ञ’. यासाठी डिसेंबर २०१२ मध्ये ‘इंटल’ नावाची प्रमाण सोय ठरली. तिला मराठी सांगितलं की ती मराठी क्रम लावते, आकडे देवनागरीत आणि लाख-कोटीच्या स्वल्पविरामांसह देते. बाहेरची लायब्ररी लागत नाही.

अक्षरं मोजायलाही त्यातच ‘सेगमेंटर’ आहे. क्रोममध्ये तो २०२० मध्ये आला, फायरफॉक्समध्ये थेट २०२४ मध्ये. आणि त्यातही गंमत बघा. जुन्या नियमाने ‘स्थ’ची दोन अक्षरं व्हायची, ‘स्’ आणि ‘थ’. सप्टेंबर २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये भारतीय जोडाक्षरांचा नियम आला, तेव्हा ते एक झालं. माझं शीर्षक जुन्या नियमाने ४१, नव्या नियमाने ३९. बोटांवर मोजलेला आकडा प्रमाणात यायला २०२३ उजाडलं. ‘ॲ’ हे चिन्ह तरी युनिकोडमध्ये कधी आलं? २००८ मध्ये. तोवर ‘ॲप’ लिहिण्यासाठी ‘अ’ला चंद्र चिकटवायची कसरत होती. आजही जुन्या पानांत ‘ॲ’ शोधताना दोन्ही रूपं शोधावी लागतात, नाहीतर अर्धा पुरावा हातातून निसटतो.

तुमच्यासाठी एक काम

पेट किंवा सेटच्या अभ्यासातून एक तास काढा. तुमच्या गावाचं नाव घ्या. आधी बोटांवर मोजा, मग ब्राउझरच्या कन्सोलमध्ये त्याची लांबी विचारा. रेणापूरचे सात येतात, लातूरचे पाच. फरक का पडला ते पाच ओळींत लिहा. नंतर वेबॅक मशीनमध्ये २००५ च्या आधीचं एखादं मराठी पान उघडा आणि त्याचा स्रोत बघा. काय दिसतं, काय दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते का, हे तीन रकाने करा. तिसरा रकाना भरताना अडलात तर समजा, प्रश्न सापडला.

माझं शीर्षक शेवटी दुरुस्त झालं. पण ‘ऐतिहासिक’ हा शब्द काढून. नियम ६० चाच राहिला. ‘अभ्यास’ मात्र पूर्ण आला.